सगळ्यांचं वाटण एकच

आईनं चौथ्या वाटीतला घास घेतला, तोंडात जरा घोळवला आणि चमचा खाली ठेवला. ‘‘ह्या सगळ्यांचं वाटण एकच आहे गं,’’ ती हळूच मला म्हणाली.

टेबलावर चिकन मद्रास, लँब रोगन जोश, चिकन भुना आणि लँब दोपियाझा असे चार पदार्थ होते. शुक्रवारची रात्र, पावणेदहा वाजलेले, आणि आमच्या आवडत्या करी हाऊसमध्ये, म्हणजे इथल्या ‘इंडियन’ हॉटेलात, उभं राहायला जागा नव्हती. शेजारचे आजोबा गेली तीस वर्षं इथं जेवतायत, त्यांनी हौसेनं आईला इथं आणलं होतं. आईचं वाक्य त्यांना समजलं नाही, पण तिनं चमचा ठेवलेला त्यांनी पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. ती रात्र तशीच संपली. चार दिवसांनी, मंगळवारी, तीच सात माणसं त्याच टेबलावर बसली आणि साडेदहापर्यंत कुणी उठायला तयार नव्हतं. आचारी तोच, पातेलं तेच. मग नेमकं काय बदललं, हे मला नीट लिहून ठेवायचं आहे. आपल्यातले पुष्कळ जण ब्रिटनमधल्या करी हाऊसला ‘हे काय आपलं जेवण नव्हे’ म्हणून एका वाक्यात निकालात काढतात. मीही पहिली काही वर्षं तेच केलं, आणि त्यात माझंच नुकसान झालं.

माणसं आणि जागा

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. टेबलावर मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा, सहा आठवड्यांसाठी आलेली आई, शेजारचे आजी-आजोबा आणि त्यांची आठ वर्षांची नात. नातीला सुक्यामेव्याची आणि शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे, औषधाचं इंजेक्शन आजीच्या पर्समध्ये कायम असतं. आईचं माहेर गिरगावातलं, सासर रत्नागिरीचं. पन्नास वर्षं तिनं रोज वाटण वाटलंय, त्यामुळे तिच्या जिभेला फसवणं अवघड.

हॉटेल सिल्हेटी, म्हणजे बांगलादेशातल्या सिल्हेट भागातल्या कुटुंबाचं आहे. बाहेरच्या पाटीवर ‘इंडियन’ लिहिलंय, आणि ब्रिटनमधल्या बहुतेक जुन्या ‘इंडियन’ हॉटेलांप्रमाणे ते चालवणारी माणसं बांगलादेशातली आहेत. सिल्हेटचे लोक कोलकात्याहून सुटणाऱ्या जहाजांवर खलाशी म्हणून लागायचे, त्यातले काही इथल्या बंदरांत उतरून राहिले, आणि पुढच्या पिढ्या त्यांच्या ओळखीनं येत गेल्या. धंद्याची सुरुवात त्याहून जुनी आहे. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन मुहम्मद यांनी १८१० साली लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर हिंदुस्तानी जेवणाचं कॉफी हाऊस काढलं होतं. दोनेक वर्षांत त्यांचं दिवाळं निघालं. पण गल्लोगल्ली करी हाऊस दिसू लागली ती खलाशांच्या वारसांमुळे. पब अकराला बंद झाले की भुकेल्या माणसाला गरम जेवण देणारं दार म्हणजे करी हाऊस, ही सवय त्यांनीच लावली.

आमच्या हॉटेलचे मालक साठीच्या पुढचे आहेत. आईशी ते हिंदीत बोलतात आणि तिला ‘खालाम्मा’, म्हणजे मावशी, म्हणतात. आई त्यांना ‘भाऊ’ म्हणते.

शुक्रवार

आम्ही साडेआठची वेळ ठरवली होती, पहिली चूक तिथंच झाली. आम्ही पोहोचलो तेव्हा मधल्या लांब टेबलावर वीसेक जणांचा वाढदिवस चालला होता आणि काउंटरवरचा टॅब्लेट दर मिनिटाला वाजत होता. प्रत्येक वाजण्याबरोबर घरपोच मागवलेली एक ऑर्डर आत जात होती. आपल्याला समोर फक्त हॉल दिसतो. आतल्या आचाऱ्याला मात्र हॉल आणि टॅब्लेट मिळून दुप्पट माणसं जेवू घालायची असतात.

पापड आले. आपल्याकडे पापड जेवणासोबत येतो. इथं तो जेवणाआधी येतो, चार वाट्यांच्या ट्रेबरोबर: आंब्याची गोड चटणी, लिंबाचं लोणचं, पुदिन्याचं दही, चिरलेला कांदा. आईला ही पद्धत आवडली. ‘‘गप्पा मारायला बरं आहे,’’ म्हणाली. मग चष्मा लावून तिनं मेनू सुरुवातीपासून वाचायला घेतला आणि ‘पेशवारी नान’पाशी थांबली. ‘‘हा पेशव्यांकडचा का गं?’’ मी सांगितलं, पेशावरवरून नाव पडलंय, आत खोबरं, बेदाणे आणि बदाम असतात. ‘बदाम’ हा शब्द मी मराठीतच उच्चारला होता, तरी त्यावरून मला नातीची आठवण झाली, आणि अ‍ॅलर्जीचं आपण अजून कुणाला सांगितलेलंच नाही हे लक्षात आलं.

वेटर तरुण होता आणि चांगला होता. ऐकल्याबरोबर त्यानं लिहिणं थांबवलं, आत गेला, पाच मिनिटांनी परत आला आणि स्पष्ट सांगितलं: कोर्मा, पसंदा, टिक्का मसाला या तिन्हींत बदामाची पूड असते, ते मागवूच नका. नान ज्या तंदूरमध्ये लागतात तिथंच पेशवारी नानही लागतो, त्यामुळे आज या गर्दीत नानची खात्री देता येणार नाही. नातीसाठी चिप्स आणि ऑम्लेट आलं. करी हाऊसच्या मेनूत शेवटी ‘इंग्लिश’ पदार्थांचा एक कोपरा असतो, तो अशा वेळी कामाला येतो. तिनं काही हट्ट केला नाही. फक्त मुलाच्या ताटाकडे बघत बसली.

तीन पदार्थ बाद झाल्यावर आम्ही घाईनं उरलेल्यांतून चार निवडले. टेबलावर आले तेव्हा चारही तांबूस-तपकिरी, चारही कांदा-टोमॅटोच्या रश्श्यातले. आणि मग आईचं ते वाक्य.

पातेलं

आई पैसे देताना मालकांना काही बोलेल असं मला वाटलं नव्हतं. पण तिनं विचारलं, अगदी एक स्वयंपाकीण दुसऱ्याला विचारते तसं: ‘‘भाऊ, कांदा उकडून घेता का तुम्ही?’’ मालकांनी तिच्याकडे पाहिलं आणि मोकळेपणानं हो म्हणाले. मग म्हणाले, आज नको, गर्दी आहे. मंगळवारी चार वाजता या, दाखवतो.

मंगळवारी आम्ही दोघी गेलो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी उभं राहून पाहिलं.

शेगडीवर पोरसुद्धा आत बसेल एवढं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं होतं. त्यात सोललेले कांदे, थोडं गाजर, कोबीचे तुकडे, ढोबळी मिरची, आलं, लसूण, मीठ, हळद आणि भरपूर तेल. हे सगळं पाण्यात मंद आचेवर कांदा पार विरघळेपर्यंत शिजतं. मग घुसळून गाळलेल्या सारासारखं पातळ करतात. रंग फिकट पिवळा. चव घेतली तर गोडसर, सौम्य, जवळजवळ काहीच नाही. धंद्यातले लोक याला बेस ग्रेव्ही म्हणतात. शेजारी शिजवून ठेवलेलं चिकन, शिजवून ठेवलेलं मटण, एका डब्यात धणे-जिरे-हळद-मिरचीची मिसळलेली पूड, पाण्यात सैल केलेली टोमॅटो प्युरी आणि कसुरी मेथी. मेनूवरचे साठ पदार्थ एवढ्यातून निघतात.

आईला धक्का बसेल असं मला वाटलं होतं, पण तिला उलट ओळख पटली. ‘‘लग्नघरी आचारी दुसरं काय करतो? एकच वाटण, त्यातलं थोडं उसळीला, थोडं रश्श्याला.’’ मग ती पातेल्यावर वाकली आणि पुढचं बोलली, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. ‘‘आपण कांदा-खोबरं आधी भाजतो आणि मग वाटतो. ह्यांनी भाजलंच नाहीये. मग भाजतात कधी?’’

उत्तर आचाऱ्यानं हातानं दिलं. मोठ्या आचेवर हलकी कढई, तेल, आलं-लसूण, पूड, प्युरी. मग डावभर ग्रेव्ही. ती फसफसली, कडेला चढली, कडेवरचं पाणी उडालं आणि तिथं तांबडा थर धरला. त्यानं हलवलं नाही. थर गडद व्हायला लागला तसा तो डावाच्या कडेनं खरवडून आत घेतला आणि पुन्हा डावभर ग्रेव्ही. असं तीनदा. तिसऱ्यांदा तेल वर सुटलं आणि उकडलेल्या कांद्याचा वास जाऊन भाजलेल्या कांद्याचा वास आला. एकूण सात मिनिटं लागली असतील. आपण जे भाजणं आदल्या टप्प्यात उरकतो, ते इथं शेवटच्या सात मिनिटांत, प्रत्येक वाटीसाठी वेगळं होतं.

आता शुक्रवारचा उलगडा होतो. सहा शेगड्या, वीस जणांचा वाढदिवस आणि वाजणारा टॅब्लेट. अशा वेळी सात मिनिटांची चार होतात. तीनदा घालायची ग्रेव्ही एकदाच पडते, कडेला थर धरायच्या आत कढई उतरते. मद्रासमध्ये तिखट जास्त आणि दोपियाझात वरून कांदा, एवढाच फरक उरतो. आईच्या जिभेनं जे पकडलं ते मूळचं पातेलं होतं, कारण त्या रात्री पातेल्यावर पुढचा संस्कार झालाच नव्हता.

मालकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पूर्वी शुक्रवारी आत पाच माणसं असायची, आता तीन. त्यांची मुलं शिकून दुसऱ्या कामांत गेली, आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. बाहेरून आचारी आणायचा तर एप्रिल २०२४ मध्ये कुशल कामगाराच्या व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला २६,२०० पाउंडांवरून ३८,७०० पाउंडांवर गेली. गल्लीतल्या हॉटेलाला ते झेपेना. त्यातच बिलावर २० टक्के व्हॅट. आईच्या वाटीत जी तीन मिनिटं कमी पडली, त्यांचा हिशेब इतका लांब जातो.

मागवायचं कसं

आम्ही तिथंच उभ्या उभ्या संध्याकाळची ऑर्डर ठरवली, आई, मालक आणि मी मिळून. तत्त्व आईचं: एकाच पातेल्यातून येणार असेल तर असं मागवायचं की प्रत्येक कढईत वेगळं काही घडेल.

मद्रास एकच, आजोबांसाठी, कारण ती त्यांची आहे. मद्रास शहराशी तिचा काही संबंध नाही. ब्रिटिश मेनूत मद्रास, विंदालू, फाल ही चढत्या तिखटाची नावं झालीत. गोव्यातला विंदालू पोर्तुगीजांच्या दारू-लसणात मुरवलेल्या मांसावरून आला, इथं मात्र त्यात बऱ्याचदा बटाटा पडतो. दोपियाझा आणि रोगन जोश रद्द, कारण ते मद्रासच्याच रस्त्यानं जातात. त्यांच्याऐवजी जालफ्रेझी. तिच्यात ढोबळी मिरची, कांदा आणि हिरवी मिरची शेवटी घालून अर्धकच्चं ठेवतात, म्हणजे चावायला काही मिळतं. मग धनसाक, कारण डाळ पडली की ग्रेव्हीचा पोतच बदलतो. गिरगावात आईची एक पारशी मैत्रीण होती, रविवारी तिच्या घरी आई धनसाक जेवलेली. इथला धनसाक आंबट-गोड-तिखट असतो, मैत्रिणीच्या घरचा नव्हे, हे मालकांनी आधीच सांगितलं. आई म्हणाली, असू दे, ओळख तर निघेल.

दोन पदार्थ असे की ज्यांना ग्रेव्ही लागतच नाही. तडका डाळ, आणि वाफाळत्या तव्यावर येणारं तंदुरी चिकन, कोरडं. टेबलावर एक तरी कोरडी गोष्ट हवी. सगळंच रश्श्यात असलं की चौथ्या घासाला जीभ थकते.

भुना मात्र राहिला, आणि त्याला वेळ जास्त द्यायचं ठरलं. ‘भुना’ म्हणजेच परतलेला, आटवलेला. घाईत केलेला भुना म्हणजे नुसता जाड रस्सा.

मला विचाराल तर करी हाऊसचा मेनू वाचायची हीच रीत आहे. नावं पाहू नयेत, कढईत काय होणार ते विचारावं. वेटरला ते आवडतं, असा माझा अनुभव आहे. ‘यात वेगळं काय पडतं?’ एवढं विचारलं की तो सरळ सांगतो.

बदामाची पूड

नातीचं काय झालं हे जरा सविस्तर सांगते, कारण घरात असं मूल असेल त्यांना याचा उपयोग आहे.

२०१४ साली नॉर्थ यॉर्कशरमध्ये एका ग्राहकानं आपली अ‍ॅलर्जी आधी सांगून टिक्का मसाला नेला आणि त्याचा मृत्यू झाला. हॉटेलानं पैसे वाचवायला बदामाच्या पुडीऐवजी शेंगदाणे असलेली पूड वापरायला सुरुवात केली होती. मालकाला २०१६ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर २०१४ पासून ब्रिटनमध्ये प्रत्येक खाणावळीला चौदा ठरावीक अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावीच लागते. त्यांत बदाम-काजूसारखा सुकामेवा आणि शेंगदाणे वेगळे मोजतात, मोहरी आणि तीळही आहेत. नारळ त्या यादीत नाही. आपल्या लोकांनी मोहरीचं लक्षात ठेवावं. फोडणीत मोहरी आहे हे सांगायचं आपल्याला सुचतसुद्धा नाही.

कायदा माहिती देतो. शुक्रवारी आम्हाला माहिती अचूक मिळाली होती, आणि त्या वेटरचा मी मान राखते की त्यानं ‘चालेल हो’ म्हटलं नाही. कमी पडली ती वेळ, आणि ती आम्ही दिली नव्हती. मंगळवारी चारला सांगितल्यावर मालकांनी सगळा क्रम लावून दिला. नातीचा भुना सगळ्यांत आधी, धुतलेल्या कढईत, नव्या डावानं, बदामाच्या पुडीचा डबा उघडण्यापूर्वी. पुडीच्या मिश्रणाचं पुडकं काढून त्यावरचं लेबल त्यांनी आजीला फोनवर वाचून दाखवलं. नान तंदूरमधला नकोच, त्याऐवजी तव्यावरची चपाती, कणीक वेगळी मळलेली. चिठ्ठीवर तांबड्या शाईनं मोठ्या अक्षरांत, आणि ताट आणून ठेवणार मालक स्वतः, दुसरं कुणी नाही. तरीही शेवटी त्यांनी आजीला सांगितलं, ‘‘या स्वयंपाकघरात बदाम आहे. मी काळजी घेईन, पण बदाम नाही असं म्हणणार नाही. तुम्ही ठरवा.’’ आजीनं डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादा डोळ्यांपुढे ठेवून हो म्हटलं. तिच्या जागी दुसऱ्या कुणी नाही म्हटलं असतं तर तेही बरोबरच होतं.

मंगळवार संध्याकाळ

सात वाजता आम्ही बसलो. हॉलमध्ये आणखी दोनच टेबलं भरलेली.

नातीचं ताट पहिलं आलं. तिनं चपाती कशी तोडायची ते माझ्या मुलाकडे बघून केलं, भुन्यात बुडवली, आणि रस कोपरापर्यंत ओघळला. आजीनं रुमाल पुढे केला आणि तसाच हातात धरून बघत राहिली.

मग बाकीचं. तव्यावरचं चिकन चुरचुरत आलं, बाजूचा कांदा कडेला काळपट झालेला. जालफ्रेझीतली हिरवी मिरची नवऱ्याला लागली आणि त्यानं पाण्याऐवजी दही मागितलं, तेच योग्य. आईनं धनसाकचा घास घेतला. सगळे तिच्याकडे बघत होते, आजोबा तर सरळ रोखून. ती म्हणाली, ‘‘तिच्या घरचा नाही. पण चांगला आहे.’’ मग आजोबांची मद्रास मागून घेतली, दोन घास खाल्ले आणि मला म्हणाली, ‘‘हे सांग त्यांना. आज हे वेगळं आहे.’’ मी सांगितलं. आजोबांनी आपली वाटी तिच्याकडे सरकवली.

त्यानंतर ते दोघं खूप वेळ बोलले, मी मधे दुभाषी. आजोबांनी पहिली करी इथंच खाल्ली होती, कारखान्यातली पाळी संपवून, याच मालकांच्या वडिलांच्या हातची. लग्नाचे वाढदिवस इथं, मुलीच्या नोकरीचा आनंद इथं. चिकन टिक्का मसाला हा ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ, असं परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक २००१ साली भाषणात म्हणाले होते, तेव्हा पुष्कळांनी ते हसण्यावारी नेलं. आजोबांना त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. त्यांच्यासाठी हे परक्याचं जेवण कधी नव्हतंच, हे त्यांच्या कोपऱ्यावरचं जेवण होतं. हे मराठीत सांगताना मला जाणवलं की ‘आपलं नव्हे’ म्हणताना मी कुणाचं आहे हे कधी विचारलंच नव्हतं.

शेवटी गरम ओले नॅपकिन आणि संत्र्याच्या फोडी आल्या. निघताना मालकांनी आईच्या हातात प्लास्टिकचा एक डबा ठेवला. आत पिवळी, पातळ ग्रेव्ही. ‘‘खालाम्मा, घरी करून बघा.’’

बुधवारी सकाळी आईनं माझ्या शेगडीवर लोखंडी कढई ठेवली. तेल, आलं-लसूण, पुडीऐवजी बॅगेतून आणलेला आमचा मसाला, उकडलेली सहा अंडी बाजूला तयार. डावभर ग्रेव्ही घातली तशी ती फसफसून कडेला चढली आणि तांबडी व्हायला लागली. करपेल म्हणून मी डाव उचलला. आईनं माझं मनगट धरलं.

‘‘थांब. हलवू नकोस. चिकटू दे.’’